दिवाणखान्यात बाजरी पिकत नाही

नर्सरीत शोभेची 'गवतं' एकाच रांगेत मांडलेली असतात, पण त्यांची उन्हाची भूक अगदी वेगवेगळी असते. जांभळं फाउंटन ग्रास हे खरं गवत, बाजरीचं जवळचं भावंड. स्पायडर प्लांट आणि मोंडो ग्रास मात्र गवतं नव्हेतच, ती शतावरीच्या कुळातली. पावसाळ्यात आपण जी फोडशीची भाजी खातो, ती स्पायडर प्लांटच्याच क्लोरोफायटम प्रजातीतली.

ऊस, ज्वारी, बाजरी आणि फाउंटन ग्रास ही सी-4 झाडं. कार्बन डायऑक्साइड पानात आधी एका जागी साठवून मगच ती साखर बनवतात. या जादा कामाला ऊर्जा लागते आणि ती उन्हातूनच येते. भर उन्हात हा खर्च परवडतो, सावलीत अंगावर येतो. मे महिन्यातल्या दुपारी गच्चीवर सुमारे 1,00,000 लक्स प्रकाश असतो, तर खिडकीपासून तीन मीटर आत बहुतेकदा 500 लक्ससुद्धा नसतो. आपले डोळे सरावतात, म्हणून हा फरक जाणवत नाही. फाउंटन ग्रास घरात आणलं की आधी जांभळा रंग उतरून पानं हिरवट होतात, मग काड्या लांबून आडव्या पडतात. त्याला रोज किमान सहा तास थेट ऊन हवंच. खत घालून ही उणीव भरून निघत नाही.

स्पायडर प्लांटचं उलट. दुपारच्या उन्हात त्याच्या पांढऱ्या पट्ट्या करपतात, कारण तिथे हरितद्रव्य जवळपास नसतंच. पूर्वेच्या खिडकीतलं सकाळचं कोवळं ऊन त्याला मानवतं. उत्तरेची खिडकीही चालते, पण पुण्या-मुंबईत मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत मध्यान्हीचा सूर्य किंचित उत्तरेकडे असतो. त्यामुळे वर छज्जा नसेल तर मे महिन्यात कुंडी हातभर आत सरकवा.

जागा पारखायची असेल तर दुपारी बाराला पानांच्या वीतभर वर हात धरा. सावलीची कड रेखीव दिसली तर ती जागा फाउंटन ग्रासची, पुसट दिसली तर स्पायडर प्लांटची. सावली पडतच नसेल तर तिथे मोंडो ग्रासही नुसतं तग धरेल, वाढणार नाही. अशा जागी एलईडी दिवा पानांपासून 30 सेंटिमीटरवर, रोज 12 तास लावा. अंतर वाढवलं की प्रकाश झपाट्याने घटतो.

घरातली कुंडी एकदम गच्चीवर नेऊ नका. रोज थोडं थोडं ऊन वाढवत दोन आठवडे घ्या. सावलीत वाढलेली पातळ पानं एका दुपारीतही भाजतात. कमी प्रकाशात झाड पाणीही कमी पितं. वरची दोन बोटं माती कोरडी झाल्यावरच पाणी घाला, नाहीतर मुळं कुजतात.