बाळंतपणातली इजा कोर्टात कशी पोहोचली

‘बाळ जन्मल्यावर लगेच रडलं नाही.’ बाळंतपणातल्या निष्काळजीपणाचे कितीतरी दावे या एका वाक्यापासून सुरू होतात. ते का रडलं नाही आणि हे टळलं असतं का, हे कोर्टात दाखवता येईपर्यंत मात्र फार काळ गेला. तोवर मूल अधू निघालं तर नशिबाला बोल लावायचा, एवढंच घरच्यांच्या हाती असे.

अशा इजेचा संबंध जन्माच्या घटकेशी ठामपणे जोडला तो विल्यम लिटल या इंग्लिश डॉक्टरने. अडलेलं बाळंतपण, अपुऱ्या दिवसांचा जन्म, जन्मताना गुदमरणं यांमुळे मुलांचे हातपाय ताठरतात, असं त्याने १८६१ मध्ये लंडनच्या प्रसूतितज्ज्ञांपुढे मांडलं. आज आपण याला सेरेब्रल पाल्सी म्हणतो. १८९७ मध्ये सिग्मंड फ्रॉईडने (मनोविश्लेषणाआधी तो मज्जाविकारांवर काम करायचा) उलटा प्रश्न टाकला: बाळात आधीच काही बिघडलं होतं, म्हणून तर बाळंतपण अवघड गेलं नसेल? दोन्हीकडचे वकील आजही हेच भांडण भांडतात, फक्त या दोघांची नावं घेत नाहीत.

कायद्याची अडचण आणखी मुळातली होती. १८८४ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती ऑलिव्हर वेन्डेल होम्स यांनी गर्भ हा आईचाच भाग ठरवला. त्याच्या नावाने वेगळा दावा चालेना. गंमत म्हणजे त्यांचे वडील, त्याच नावाचे डॉक्टर, बाळंतज्वर डॉक्टरांच्याच हातून पसरतो असं १८४३ मध्ये लिहून स्वतःच्या व्यवसायाचा रोष ओढवून बसले होते. पोटातून बाहेर काढताना झालेल्या इजेबद्दल जिवंत जन्मलेलं मूल दावा लावू शकतं, हे वॉशिंग्टनमधल्या कोर्टाने १९४६ मध्ये मान्य केलं.

दाव्याला वाट मिळाली, पण पुरावा कुठून आणायचा? व्हर्जिनिया अपगार या अमेरिकी भूलतज्ज्ञ बाईंची नवजात बाळ तपासायची गुणपद्धत १९५३ मध्ये प्रसिद्ध झाली: पाच लक्षणं, प्रत्येकाला शून्य ते दोन गुण. बाळाची अवस्था प्रथमच आकड्यात कागदावर आली. मग १९६० च्या दशकाअखेर बाळाचे ठोके आणि आईच्या कळा नोंदणारं सीटीजी यंत्र प्रसूतिगृहांत शिरलं. सरकत्या पट्टीवर वर बाळाचे ठोके, खाली आईच्या कळा. कळ ओसरू लागल्यावर ठोके उतरायचे आणि सावकाश वर यायचे, असं पुन्हा पुन्हा दिसलं की बाळाला प्राणवायू कमी पडत असल्याची शंका घ्यायची. हीच पट्टी वर्षांनंतर कोर्टातल्या टेबलावर उलगडली जाते. पुढे काय झालं हे माहीत असलेला तज्ज्ञ एखाद्या उतारावर बोट ठेवून सांगतो, ‘इथेच सिझेरियन करायला हवं होतं.’ त्या रात्री पट्टी पाहणाऱ्याला पुढचा कागद अजून आलेला नव्हता, हे तेव्हा सहज विसरलं जातं.

यंत्राने अपेक्षा पुरी केली का? डब्लिनमध्ये सुमारे १३ हजार बाळंतपणांचा अभ्यास १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. सतत पट्टी काढलेल्या बाळांना झटके कमी आले, पण पुढे सेरेब्रल पाल्सीचं प्रमाण काही कमी भरलं नाही. तोवर पट्टी न काढणं हीच निष्काळजीपणाची खूण ठरू लागली होती. अमेरिकेत विम्याचे हप्ते इतके भडकले, की व्हर्जिनिया राज्याने १९८७ मध्ये मेंदूला गंभीर इजा झालेल्या नवजातांसाठी, कुणाचा दोष सिद्ध न करता भरपाई देणारा निधीच उभारला. मला हा मार्ग जास्त माणुसकीचा वाटतो, पण चूक कुणाची हे आईबापांना त्यातून कळत नाही, ही उणीव आहेच.

या साऱ्यात आई बराच काळ मागे राहिली. तिचा शब्द मोठा झाला तो २०१५ मध्ये, स्कॉटलंडमधल्या लॅनर्कशायरच्या आरोग्य मंडळाविरुद्धच्या खटल्यात. मधुमेही आईच्या बाळाचा खांदा अडकण्याचा धोका नऊ-दहा टक्के होता. सांगितलं तर ती सिझेरियन मागेल, म्हणून डॉक्टरांनी सांगितलंच नाही. खांदा अडकलाच. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने ५२.५ लाख पौंडांची भरपाई दिली: डॉक्टरमंडळींना काय सांगण्याजोगं वाटतं हे नव्हे, त्या बाईला काय कळायला हवं होतं हे पाहायचं.

आईच्या स्वतःच्या इजांचे दावे याहून साधे असतात. गुदद्वाराच्या स्नायूपर्यंत गेलेली चीर टाके घालण्याआधी बोटाने तपासली होती का? केसपेपरवर त्याची एक ओळ असते, किंवा नसते.