हवेचा दाब पडला, मासा लागेल का?

(गरवायला, म्हणजे गरीने मासे पकडायला, जाणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी)

तंगूस (गरीची नायलॉनची दोरी) आणि शिसं घ्यायला आलेला माणूस हल्ली पैसे देता देता हमखास विचारतो, "दाब दाखवणारं घड्याळ आहे का?" दाब पडला की मासा लागतो असं म्हणतात, म्हणून. आहे, आम्ही विकतो. पण मासा लागला नाही म्हणून ते परत आणण्याआधी एवढं वाचा.

समुद्रसपाटीला हवेचा सरासरी दाब १०१३ हेक्टोपास्कल धरतात. आपल्या किनाऱ्यावर हिवाळ्यात तो त्याच्या आसपास असतो, ऐन पावसाळ्यात हजाराच्या जरा वर. म्हणजे जुलैत १००४ दिसलं तर विशेष काही नाही. जानेवारीत दिसलं तर गरी गुंडाळा आणि घरी या.

शिवाय दाबालाही रोजची भरती-ओहोटी असते. सकाळी दहाच्या सुमारास चढतो, दुपारी चारला उतरतो, रात्री दहाला पुन्हा चढतो, पहाटे चारला पुन्हा उतरतो. फरक तीन-चार हेक्टोपास्कलचा. आकाश निरभ्र असलं तरी हे चालूच. तेव्हा दुपारी "दाब पडतोय" म्हणून खाडीवर गेलात आणि तिन्हीसांजेला तांबोशी मासळी लागली, तर श्रेय घड्याळाला देऊ नका. उजेड कमी झाला की ती तशीही खायला बाहेर पडते.

उंचीचं गणितही लक्षात ठेवा. साधारण साडेआठ मीटर वर चढलं की दाब एक हेक्टोपास्कलने कमी दिसतो. कोल्हापूरचे एक ग्राहक घाट उतरून आले आणि दुकानात शिरताच म्हणाले, "दाब साठने वाढलाय, आज मासा खोलात गेला असणार!" मासा होता तिथेच होता, वाढली होती ती फक्त घाटाची उतरण. सड्यावरून (वरच्या कातळी पठारावरून) खाडीकाठी आलात तरी काटा हलतो. त्यामुळे घड्याळ समुद्रसपाटीच्या दाबाला लावून घ्यायचं, नाहीतर ते दागिना म्हणून घालायचं.

मग माशाला दाब कळतो की नाही? कळतो. घोळ माशाचं भोत, म्हणजे पोटातली हवेची पिशवी, आपल्याकडे कोणाला सांगायला नको. बऱ्याच माशांच्या पोटात तशी हवेची पिशवी असते आणि दाब बदलला की ती फुगते किंवा दबते. पण आता पाण्याचा हिशोब करा. एक सेंटीमीटर पाणी म्हणजे जवळपास एक हेक्टोपास्कल. मोठं वादळ जवळ आल्याशिवाय हवेचा दाब दिवसात दहाने पडत नाही, आणि पडला तरी माशाच्या लेखी तो वीतभरही वर सरकण्याइतका नाही. उलट उधाणाच्या दिवशी मालवणजवळ देवबागला कर्ली नदीच्या मुखाशी तळाला बसलेल्या गोबरा माशाच्या डोक्यावरचं पाणी सहा तासांत दीड-दोन मीटरने बदलतं. म्हणजे दीडशे-दोनशे हेक्टोपास्कल, तेही दिवसातून चार वेळा. वरून लाटा जातात त्या वेगळ्या. एवढ्या गोंधळात घड्याळातले चार आकडे त्याला जाणवत असतील, हे आम्हाला पटत नाही.

दुसरी बाजूही सांगतो. अमेरिकेत फ्लोरिडाच्या टेरा सिया उपसागरात २००१ साली गॅब्रिएल वादळ येण्याआधी, दाब पडू लागताच, खुणेची यंत्रं बसवलेली मोरीची (शार्कची) पिल्लं उथळ पाणी सोडून बाहेर गेली आणि वादळ सरल्यावर परतली. मोरीला भोत नसतंच, तरीही. म्हणजे मोठी पडझड माशाला कळत असावी. धरणावर रोहू-कटल्याला बसणाऱ्यांनीही आमचा वरचा हिशोब जसाच्या तसा घेऊ नये. तिथे भरती-ओहोटी नाही, आणि या जातीत भोतापासून कानापर्यंत बारीक हाडांची साखळी असते, त्यामुळे त्यांना दाब अधिक बारकाईने कळतो. पण तिथेही ढगाळ, वारा पडलेल्या दिवसांनंतर पहाटे मासा वर तोंड काढून गिळताना दिसला, तर कारण बहुधा पाण्यात कमी झालेला प्राणवायू. अशा वेळी आमिष बदलत बसू नका, तो खाणार नाही.

घड्याळ खरं उपयोगी पडतं ते मासा नव्हे, हवा ओळखायला. दाब उतरत गेला की ढग येतात, वारा फिरतो, पाणी खवळतं. ढगाळलेल्या उजेडात आणि थोड्या हललेल्या पाण्यात मोठा मासा काठाजवळ यायला धजावतो, तंगूसही त्याला कमी दिसतो. "दाब पडला की मासा लागतो" हे बहुतेक वेळा एवढंच असतं. मोठा पाऊस होऊन खाडी गढूळ आणि गोडी झाली, की तांबोशी मुखाकडे सरकते. मग वरच्या पुलाखाली बसून काय होणार? आधी भरतीची वेळ बघा, मग पाण्याचा रंग, मग वारा, आणि सर्वांत शेवटी घड्याळ.

एका बाबतीत मात्र घड्याळाचं ऐका. रोजची चढ-उतार सोडून दाब तीन तासांत तीन-चारने घसरला, किंवा सकाळी दहाला चढायचा तो चढलाच नाही, तर कातळावरून उठा. १६ मे २०२१ ला तौक्ते चक्रीवादळ इथून गेलं तेव्हा किनाऱ्याची काय दशा झाली ते सगळ्यांनी पाहिलंय. बंदरावर तीन नंबरचा इशाऱ्याचा बावटा असेल किंवा हवामान खात्याने मच्छीमारांना इशारा दिला असेल, तर त्या दिवशी आम्ही आमिष विकत नाही, रागावू नका. विजा चमकत असताना कार्बनचा रॉड उभा धरू नका, त्यातून वीज वाहते.

आमच्याकडून घेतलेलं असो वा दुसरीकडून, घड्याळ दुकानात आणा, समुद्रसपाटीला लावून देऊ. दोन मिनिटांचं काम आहे, पैसे नाहीत. फक्त भरतीच्या तासभर आधी येऊ नका, तेव्हा गर्दी असते.