पॅनिक, हायपर, टेन्शन: घाबरण्या-भडकण्याच्या इंग्रजी शब्दांची पार्श्वभूमी

पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांची इशारा पातळी गाठली की कोल्हापुरात दोन भाषा सुरू होतात. सरकारी निवेदनात ‘नागरिकांनी घाबरून जाऊ नये’ असतं, आणि गल्लीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘पॅनिक होऊ नका रे’. पाणी ४३ फुटांच्या धोका पातळीवर गेलं की पेट्रोल पंपावर आणि दुधाच्या गाडीमागं रांगा लागतात. त्यालाही नाव तयार असतं, ‘पॅनिक बाइंग’. २०१९ आणि २०२१ चे महापूर आणि मधला कोरोना यांनी हा शब्द पार आजी-आजोबांच्या तोंडी नेऊन बसवला.

मराठीत शब्द नव्हता म्हणून तो आला, असं मात्र नाही. घाबरगुंडी, भंबेरी, तारांबळ, पाचावर धारण बसणं, धाबं दणाणणं, हातपाय गळणं. या मालाची आपल्याकडं टंचाई कधीच नव्हती. अडचण वेगळी आहे. ‘डोकं फिरलंय काय’, ‘खुळ्यागत करू नकोस’ असं म्हटलं की बोट सरळ माणसाकडं जातं. भित्रा तो, खुळा तो. ‘जरा पॅनिक झाला’ म्हटलं की त्याची अब्रू शाबूत राहते. इंग्रजीतही या शब्दांचा इतिहास बराचसा हाच आहे: माणसाचा ताबा सुटला तर खापर कुणावर फोडायचं?

ग्रीकांनी ते देवावर फोडलं. पॅन हा आर्केडियाच्या डोंगराळ मुलखातला मेंढपाळांचा देव, बोकडाचे पाय आणि शिंगं असलेला. रानात काही कारण नसताना कळप उधळला की ती पॅनची करणी. आपल्याकडं माळावर धनगराचा तळ पडलेला असतो आणि मध्यरात्री मेंढरं एकदम बुजतात. एक उसळलं की सगळी एकमेकांच्या अंगावर. कशानं बुजली ते मेंढक्यालाही सांगता येत नाही. पॅनिक म्हणजे मुळात हे बुजणं. ग्रीक इतिहासकार हिरोडोटस सांगतो, इसवी सनापूर्वी ४९० मध्ये, मॅरेथॉनच्या लढाईआधी, अथेन्सचा धावपटू फिलिप्पिडीस याला वाटेत पॅननं नावानं हाक मारली आणि ‘तुमचे लोक मला विचारत का नाहीत’ म्हणून जाब विचारला. लढाई जिंकल्यावर अथेन्सकरांनी अ‍ॅक्रोपोलिस टेकडीच्या पायथ्याशी त्याचं ठाणं मांडलं. पर्शियन फौजेची दाणादाण पॅननंच उडवली, ही गोष्ट मागाहून जोडली गेली.

फ्रेंचमधून हा शब्द इंग्रजीत आला तेव्हाही तो जमावाचाच होता. पुढं तो बाजारात शिरला. अमेरिकेत १८३७, १८७३ आणि १९०७ ची आर्थिक संकटं ‘पॅनिक’ याच नावानं ओळखली जातात. एकट्या माणसाच्या छातीत तो घुसला तो फार उशिरा. १९६० च्या आसपास न्यूयॉर्कमध्ये डोनाल्ड क्लाइन या मनोविकारतज्ज्ञाच्या ध्यानात आलं, की इमिप्रामीन या औषधानं रुग्णांचे अचानक येणारे भीतीचे झटके थांबतात, पण कायमची धाकधूक तशीच राहते. म्हणजे ही दोन दुखणी वेगळी. १९८० मध्ये अमेरिकन मनोविकार संघटनेच्या निदान-पुस्तिकेच्या तिसऱ्या आवृत्तीत ‘पॅनिक डिसऑर्डर’ला स्वतःची जागा मिळाली. आज छातीत धडधड, दरदरून घाम, ‘आता मी जातोय’ असं वाटणारा माणूस ईसीजी काढायला धावतो, पट्टी चांगली येते आणि डॉक्टर म्हणतात, पॅनिक अटॅक. घरच्यांना हे सांगणं सोपं जातं. झटका आला, तो भित्रा नव्हे.

त्याच पुस्तिकेनं, त्याच आवृत्तीत, हिस्टेरियाची हकालपट्टी केली. ती व्हायलाच हवी होती. ग्रीक भाषेत ‘हिस्टेरा’ म्हणजे गर्भाशय, आणि बाईचं रडणं-ओरडणं त्या अवयवाच्या माथी मारायची रीत दोन हजार वर्षं टिकली. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात शार्को हा डॉक्टर अशा बायकांना व्याख्यानाला जमलेल्या लोकांपुढं उभं करत असे. इथं खापर कुणावर फोडलं, हे सांगायची गरज नाही. आपल्या बायकांच्या अंगात देवी येते, तेव्हा निदान हळदीकुंकू तरी वाहतात.

पुरुषांची पाळी पहिल्या महायुद्धात आली. खंदकातले धडधाकट सैनिक थरथरायला लागले, कुणाची वाचा गेली. १९१५ मध्ये चार्ल्स मायर्स या डॉक्टरनं ‘शेल शॉक’ हा शब्द छापील वैद्यकीय चर्चेत आणला. दोष तोफगोळ्याचा, शिपायाचा नव्हे. शब्द न मिळालेल्यांचं काय झालं? पळपुटेपणा, भित्रेपणा अशा आरोपांखाली ब्रिटिश सैन्यानं गोळ्या घातलेल्या ३०६ जणांना २००६ साली मरणोत्तर माफी मिळाली. सैनिक टाकळीसारखी गावं असलेल्या आपल्या जिल्ह्यात एका शब्दाची ही किंमत समजावून सांगायला नको.

एक शब्द तर आपल्याच मुलखातून तिकडं गेला. डोकं ठिकाणावर नसणं याला इंग्लंडात आजही ‘डूलाली’ म्हणतात. ही नाशिकजवळची देवळाली. मुदत संपलेले गोरे शिपाई मायदेशी जायला तिथल्या छावणीत थांबत. सैनिकी जहाजं थंडीच्या मोसमातच सुटायची, त्यामुळं वेळ चुकली की कित्येक महिने बसून राहायचं: काम नाही, दारू, ऊन, मलेरिया. पोरं बिथरायची. त्याचं नाव पडलं ‘डूलाली टॅप’, आणि त्यातला टॅप म्हणजे आपला ताप. बिचाऱ्या देवळालीची हवा इतकी चांगली, की लोक मुद्दाम प्रकृती सुधारायला तिथं जात.

बाकीचे शब्द कारखान्यातले. ब्रेकडाउन यंत्राचा, टेन्शन ताणलेल्या दोरीचा, स्ट्रेस खांबा-तुळयांवरच्या भाराचा. तो हान्स सेल्ये या शास्त्रज्ञाच्या संशोधनातून माणसाच्या शरीराला चिकटला. मेल्टडाउन अणुभट्टीचा गाभा वितळण्याचा, आणि १९७९ च्या थ्री माइल आयलंड नि १९८६ च्या चेर्नोबिलच्या अपघातांनी तो बातम्यांत आणला. स्वमग्न (ऑटिस्टिक) मुलांच्या आयांना या शब्दाचा फार उपयोग होतो. मुलगा दुकानात खेळण्यासाठी लोळण घेतो ते टँट्रम. खेळणं मिळालं की थांबतो. लग्नात बँजो, फटाके आणि फ्लॅश एकदम अंगावर आल्यावर कान दाबून किंचाळतो ते मेल्टडाउन, आणि ते खेळणं देऊन थांबत नाही. ‘लाडावलाय’ म्हणणाऱ्या मावशी-काकूंना हा फरक सांगायला मराठीत एवढा आटोपशीर शब्द मला तरी सापडलेला नाही.

टेन्शनला आपण पार घरचं करून टाकलंय. राग येतो, वीट येतो, तसं टेन्शनही येतं. शिवाय ते घेता येतं आणि देताही येतं: ‘भावा, टेन्शन नगं घेऊस.’ हायपरचं मात्र उलट झालं. ग्रीक भाषेतलं ‘वर, पलीकडं’ एवढ्या अर्थाचा हा उपसर्ग. तिकडं हायपर म्हणजे उड्या मारणारं, एका जागी न ठरणारं पोरगं. कोल्हापुरात मात्र चिडणारा माणूस हायपर. ‘त्यो लई हायपर हाय’ हे आता तापटपणाचं लेबल झालंय. म्हणजे बोट पुन्हा माणसाकडंच. म्हणून कॉलेजातली पोरं पुढच्या शब्दावर सरकलीत: ‘मी ट्रिगर झालो.’ हा बंदुकीच्या चापाचा शब्द, आणि त्यात चाप ओढणारा समोरचा असतो.