दिसणारा कोड आणि दिलेला कोड

दुपारी दीड वाजता माझ्या मनगटावरच्या घड्याळाने ‘साडेएक’ दाखवलं. सावद्याला केळीचा ट्रक भरला जात होता, नाना शेजारी बसले होते. त्यांनी वाचलं आणि म्हणाले, “साडेएक काय असतं रे भाऊ? दीड म्हणतात त्याले.”

घड्याळ बँगल जेएस २, म्हणजे ज्यात आपण स्वतः प्रोग्रॅम लिहून टाकू शकतो असं स्मार्टवॉच. त्यावरचा वॉचफेस, म्हणजे पडद्यावर वेळ दाखवणारा प्रोग्रॅम, धुळ्याकडच्या एका मुलाने लिहिलेला. आकडे न दाखवता तो आपल्या बोलण्यातली वेळ सांगतो: सव्वापाच, साडेपाच, पावणेसहा. मला तो बघताक्षणी आवडला होता. चूक कुठे आहे तेही लगेच कळलं. अर्ध्या तासाला ‘साडे’ जोडायचं हा नियम तीनपासून पुढे चालतो, पण एक आणि दोनच्या वेळी मराठी दीड आणि अडीच म्हणते. सव्वाबाराला अडचण नाही, पण पुढच्या तासाला नुसतं ‘सव्वा वाजला’ म्हणायचं, ‘सव्वाएक’ नाही. पावणेएक चालून जातं, तरी नानांच्या तोंडी ‘पाऊण’च. चार शब्दांची दुरुस्ती.

कोड गिटहबवर, म्हणजे प्रोग्रॅम ठेवायच्या आणि वाटायच्या संकेतस्थळावर, उघडा होता. मी चार ओळी बदलल्या आणि माझ्या घड्याळात टाकल्या. स्वतःच्या बिनव्यापारी वापरापुरता असा बदल आपला कायदा अडवत नाही. पण तो वॉचफेस भुसावळच्या दोन मित्रांना द्यायला निघालो आणि थांबलो. रेपोत, म्हणजे त्याने कोड ठेवलेल्या जागेत, लायसन्सची (वापरायच्या परवानगीची) फाइलच नव्हती.

आपल्याकडची पोरं इथेच फसतात. कोड सगळ्यांना दिसतो म्हणजे तो ओपन सोर्स, कोणीही वापरावा, बदलावा, वाटावा असा, असं धरून चालतात. पण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

रावेरच्या रस्त्याने जाताना दोन्ही बाजूंना केळीच्या बागा दिसतात. घड केवढे धरलेत ते बघता येतं, ठिबकच्या नळ्या कशा टाकल्यात ते बघून शिकता येतं. म्हणून कोणी विळा घेऊन आत शिरत नाही. त्याच बागेच्या मालकाने “हे कंद घेऊन जा, लाव तुझ्या वावरात” म्हटलं की गोष्ट बदलली. आता ते लावायचे, वाढवायचे, त्याचे पुढचे कंद आणखी कोणाला द्यायचे, सगळं आलं. लायसन्स म्हणजे मालकाचं ते एक वाक्य. ते नसेल तर बाग कितीही उघडी असो, ती नुसती बघायची.

कायदाही असाच आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्रॅम वाङ्मयीन कृतीत मोडतो. नोंदणी लागत नाही, लिहिला की हक्क लागू. तो लिहिणाऱ्याच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं टिकतो. म्हणजे कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला असताना हौसेने लिहिलेला वॉचफेस आपण गप्प बसलो म्हणून आपोआप सगळ्यांचा होत नाही. उलट गप्प बसलो म्हणूनच तो बंद राहतो.

गोंधळ वाढवतं ते गिटहबवरचं फोर्कचं, म्हणजे दुसऱ्याच्या रेपोची प्रत आपल्या खात्यात घ्यायचं, बटण. सार्वजनिक रेपो ठेवला की गिटहबच्या अटींप्रमाणे इतरांना तो तिथे बघता येतो, फोर्क करता येतो. परवानगी तेवढीच. फोर्क झाला म्हणून तो बदलून घड्याळांच्या ॲप-लोडरवर, जिथून सगळे ॲप उतरवून घेतात तिथे, चढवायचा हक्क मिळत नाही.

दिलेला कोड कसा असतो ते बँगलच्याच समुदायात बघा. त्यांच्या ॲपच्या सामायिक रेपोत पुल रिक्वेस्ट (आपला कोड सामावून घ्या अशी विनंती) टाकली की आपला कोड एमआयटी लायसन्सखाली देतोय हे आपण मान्य करतो, तसं तिथे स्पष्ट लिहिलंय. त्याबरोबर दुसऱ्या कोणत्या लायसन्समुळे हे अशक्य होत नाही ना, याचीही हमी आपल्यावर. पाईनटाइम या दुसऱ्या स्मार्टवॉचवर चालणारी इन्फिनीटाइम ही प्रणाली जीपीएल ३ या वेगळ्या लायसन्सखाली आहे. त्यातला तुकडा उचलून एमआयटीच्या रेपोत टाकला तर ती हमी खोटी पडते. एमआयटी म्हणते मूळ लिहिणाऱ्याचं नाव आणि लायसन्सचा मजकूर राहू द्या, मग काहीही करा. जीपीएल म्हणते बदलून वाटलंत तर तुमचाही कोड त्याच अटीवर द्या. दोन्ही कंदच, अटी वेगळ्या. नवख्याने समुदायात जे चालतं ते घ्यावं, उगाच स्वतःचं लायसन्स लिहीत बसू नये.

देवनागरीसाठी एक गोष्ट जास्त सांभाळायची. १७६ बाय १७६ पिक्सेलच्या त्या पडद्यावर ‘सव्वा’तला जोडाक्षराचा व्व सरळ उमटत नाही, म्हणून आपण शब्दांची चित्रं करून टाकतो. फॉन्ट कुठला? मुक्ता किंवा नोटोसारखे फॉन्ट ओएफएल या फॉन्टसाठीच्या खुल्या लायसन्सचे आहेत, त्यांनी काढलेलं चित्र त्या लायसन्सला बांधलं जात नाही. पण फॉन्टचीच फाइल बदलून जोडलीत तर ती ओएफएलखालीच द्यावी लागते. कुठूनतरी उतरवलेला, लायसन्स माहीत नसलेला फॉन्ट घेऊ नका. तुमचा कोड दिलेला आणि त्यातली अक्षरं नुसती दिसणारी, असं होऊन बसतं.

हे सगळं मला का टोचतं? पेबल आठवतं म्हणून. २०१२ मध्ये लोकांनी पैसे घालून उभं केलेलं स्मार्टवॉच. २०१६ च्या शेवटी कंपनी बंद झाली, जून २०१८ मध्ये सर्व्हर बंद पडले. रेबल नावाच्या स्वयंसेवकांनी सेवा पुन्हा उभ्या केल्या, पण घड्याळाची मूळ प्रणाली त्यांच्या हाती नव्हती. ती पुढे गुगलच्या मालकीची झाली, आणि गुगलने तिचा बहुतांश कोड जानेवारी २०२५ मध्ये अपाचे २ या खुल्या लायसन्सखाली दिला, ब्लूटूथचा काही मालकीचा भाग वगळून. आणि लगेच काम सुरू झालं. मधली सगळी वर्षं घड्याळं मनगटावर होती, माणसं तयार होती, अडलं होतं ते परवानगीपाशी.

धुळ्याच्या त्या मुलाला मी निरोप टाकला: “भाऊ, वॉचफेस फार छान झालाय. एक लायसन्स फाइल टाकशील का? दीड-अडीचची दुरुस्ती मी करून देतो.” उत्तर आलेलं नाही. नोकरीला लागला असेल. ‘पावणे’मध्ये वेळ सांगायची कल्पना कोणाच्या मालकीची नसते, म्हणून त्याचा कोड बाजूला ठेवून मी कोऱ्या फाइलपासून लिहायला घेतलंय. पहिली फाइल लायसन्सची टाकली. सध्या पाऊण आणि पावणेएक, दोन्ही शब्दांची चित्रं करून ठेवलीत, कोणतं लावायचं ते नानांना विचारून ठरवणार आहे.