रिकार्डीय समतुल्यता

सरकारी खर्च ठरलेला असेल, तर तो चालू करांतून भागवला काय किंवा कर्ज काढून भागवला काय, लोकांचा उपभोग, व्याजदर आणि भांडवलसंचय यांवर होणारा परिणाम सारखाच असतो, असे सार्वजनिक आयव्ययातील एक प्रतिपादन. आज करात सूट देऊन सरकारने तेवढ्याच रकमेचे रोखे विकले, तर त्यांचे व्याज व मुद्दल पुढे करांतूनच फेडावे लागणार. हे ओळखून करदाते सुटीची रक्कम खर्च न करता शिल्लक टाकतात आणि सरकारी बचतीतील घट खासगी बचतीने भरून निघते, असा त्यामागील युक्तिवाद आहे.

या कल्पनेचे जनकत्व वादग्रस्त आहे. ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड रिकार्डो यांनी १८१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात करांची चर्चा करताना तिचा ओझरता विचार केला आणि एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकाच्या पुरवणीसाठी लिहिलेल्या, सामान्यतः १८२० चा मानल्या जाणाऱ्या, कर्जपद्धतीवरील लेखात तिचा विस्तार केला. नेपोलियनविरुद्धच्या युद्धांमुळे ब्रिटनवर तेव्हा कर्जाचा प्रचंड बोजा होता. युद्धाचे २ कोटी पौंड एकदम कराने उभारणे आणि ५ टक्के व्याजाने कर्ज काढून दरसाल १० लाख पौंड कायमचे भरत राहणे, यांचे मूल्य एकच आहे, असे त्यांनी दाखवले. मात्र कर भरणारी माणसे असा हिशेब करीत नाहीत, असे त्यांनी लगेच पुढे म्हटले आहे. ज्याच्याजवळ २०,००० पौंड आहेत, त्याला दरसाल ५० पौंडांचा कायमचा कर हा एकदाच भरायच्या १,००० पौंडांइतकाच जड आहे, हे पटवणे कठीण, असे त्यांचे निरीक्षण होते. कर्जामुळे लोकांना आपली खरी स्थिती कळत नाही व त्यांची काटकसर सुटते, या समजुतीमुळेच त्यांनी राष्ट्रीय कर्ज मालमत्तेवरील एकवेळच्या कराने फेडून टाकण्याचा आग्रह धरला.

अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट बॅरो यांनी १९७४ मध्ये हा सिद्धांत आधुनिक स्वरूपात मांडला. त्या लेखात रिकार्डोंचा उल्लेख नव्हता. अर्थशास्त्रज्ञ जेम्स ब्यूकॅनन यांनी १९७६ मध्ये या सिद्धांताचा रिकार्डोंशी असलेला संबंध दाखवून दिला आणि आजचे नाव रूढ झाले. जेराल्ड ओड्रिस्कॉल यांनी १९७७ मध्ये, रिकार्डोंचा निष्कर्ष असमतुल्यतेचा होता, असा प्रतिवाद केला. रिकार्डोंचा मूळ लेख पाहता ओड्रिस्कॉल यांचे मत अधिक ग्राह्य वाटते : अंकगणित रिकार्डोंचे, पण लोक त्यानुसार वागतात हा दावा बॅरो यांचा. इटालियन अर्थशास्त्रज्ञ आंतोनिओ दे व्हीती दे मार्को यांच्या लेखनातही १८९३ च्या सुमारास असाच विचार आढळतो.

कर्ज फिटण्यापूर्वी करदाता मरण पावला तर काय, या आक्षेपाला बॅरो यांचे उत्तर वारशाचे होते : आईवडील मुलांवरील भावी कराची जाणीव ठेवून तेवढी अधिक संपत्ती मागे ठेवतात. त्यासाठी प्रत्येक पिढीला पुढच्या पिढीच्या सुखाची आस्था असणे, कुटुंबांना सरकारइतक्याच दराने कर्ज मिळणे आणि कर ठोक स्वरूपाचे, म्हणजे उत्पन्न कितीही असले तरी ठरावीक रकमेचे, असणे आवश्यक आहे. निपुत्रिकांना, तसेच हातावर पोट असणाऱ्या व ज्यांना कोणी उसने देत नाही अशा कुटुंबांना हा युक्तिवाद लागू पडत नाही. अर्थव्यवस्थेचा वृद्धिदर व्याजदरापेक्षा अधिक असल्यास कर्ज करांतून फेडावे लागेलच असे नाही, हा मार्टिन फेल्डस्टाइन यांचा आक्षेपही महत्त्वाचा आहे.

अनुभवजन्य पुरावा संमिश्र आहे. १९८० च्या दशकात अमेरिकेची तूट वाढत असताना खासगी बचत वाढली नाही, हे उदाहरण विरोधात दिले जाते. पूर्ण समतुल्यता मानणारे थोडे असून अंशतः भरपाई होते, याकडे बहुतेकांचा कल दिसतो.

तूट निरुपद्रवी असते, या मताच्या समर्थनार्थ हा सिद्धांत पुष्कळदा पुढे केला जातो. तो वापर चुकीचा आहे, कारण सरकारी खर्च किती असावा याविषयी सिद्धांत काहीच सांगत नाही. खर्च वाढल्यास त्याचा भार समाजावर पडतोच, हे त्यात गृहीतच धरलेले आहे.