आधी दोर तोडा, मग नक्षी दाखवा

पाती घडवणाऱ्या लोहारांची संस्था असलेल्या ‘अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटी’ची मास्टर स्मिथ ही पदवी हवी असेल, तर परीक्षकांपुढे पाच सुऱ्या मांडाव्या लागतात. त्यांतला एक युरोपीय धाटणीचा खंजीर असलाच पाहिजे. स्वतः घडवलेल्या दमास्कस, म्हणजे थर सांधून नक्षी आणलेल्या, पोलादाचं दुधारी पातं, मुठीपुढे दोन्ही बाजूंना निघालेली आडवी परज, उभ्या खाचा पाडलेली मूठ आणि त्या खाचांत बसवलेली पिळाची तार. हा खंजीर कोणी कमरेला लावत नाही. तो घडवायचा तो इतर कारागिरांनी डोळ्यांत तेल घालून तपासावा म्हणून. मात्र इथवर पोचण्याआधी उमेदवाराला दमास्कसचीच एक सुरी सगळ्यांसमक्ष वापरून शेवटी वाकवावी लागते.

अमेरिकेत हातघडणीच्या सुरीचं वेड जुनं आहे. १८२७ मध्ये मिसिसिपी नदीतल्या एका वाळूच्या बेटावर मारामारी झाली, त्यात सरहद्दीवरचा लढवय्या जिम बोवी याचा सुरा गाजला आणि तसा सुरा जो तो मागू लागला. मागणी इतकी वाढली की इंग्लंडमधल्या शेफील्डचे कारखाने बोवी सुरे बनवून अमेरिकेला पाठवू लागले. अर्कान्सामधल्या वॉशिंग्टन गावचा लोहार जेम्स ब्लॅक यानं बोवीसाठी सुरा घडवला असं सांगतात, पण पुरावा तोकडा आहे. पुढे कारखान्यांनी बाजार व्यापला आणि सुरीसाठी ऐरणीपुढे बसणारे मोजकेच उरले.

त्या मोजक्यांपैकी मिशिगनचे विल्यम स्कॅगल. त्यांची एक सुरी पाहून फ्लोरिडाच्या बो रँडल यांनी १९३० च्या दशकात सुऱ्या करायला घेतल्या. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांनी त्या इतक्या मागवल्या की रँडलच्या सुरीसाठी रांगा लागल्या. १९५० च्या दशकात बॉब लव्हलेस यांना न्यूयॉर्कच्या दुकानात रँडलच्या सुरीसाठी महिनोन्‌महिने थांबावं लागेल असं सांगितलं गेलं, तेव्हा त्यांनी भंगारातल्या मोटारीच्या स्प्रिंगच्या पाट्यातून स्वतःच सुरी केली. हे लव्हलेस पुढे या धंद्यातलं सर्वांत मोठं नाव ठरले, आणि १९७० मध्ये सुऱ्या करणाऱ्यांची संघटना ‘नाइफमेकर्स गिल्ड’ उभी राहिली तेव्हा ते तिच्या संस्थापकांत होते.

गिल्डचे बहुतेक सभासद पोलादाची तयार पट्टी घासून पातं काढत. भट्टी, ऐरण आणि घण वापरणारे अगदी थोडे. मेरीलँडचे बिल मोरान त्यांतले. १९७३ मध्ये कॅन्सस सिटीच्या प्रदर्शनात त्यांनी दमास्कस पोलादाच्या सुऱ्या मांडल्या आणि लोक टेबलाभोवती जमले. दोन प्रकारच्या पोलादाचे थर टाकणखार घालून पांढऱ्या आचेवर सांधायचे, ठोकून लांबवायचे, दुमडायचे, पुन्हा सांधायचे. पातं घासून आम्लात बुडवलं की एक पोलाद काळवंडतं, दुसरं उजळ राहतं आणि थरांची नक्षी वर येते. मला मोरान यांची याहून मोठी कामगिरी वाटते ती पुढची: कृती लिहून त्यांनी ती वाटून टाकली. पिढीजात धंद्यात हे सहसा घडत नाही.

दमास्कस याच नावानं ओळखलं जाणारं जुन्या सीरियन-इराणी तलवारींचं पाणीदार पोलाद मात्र यापेक्षा वेगळं. तिथे थर सांधलेले नसत. मुशीत वितळवून केलेल्या, भरपूर कार्बनच्या पोलादात थंड होताना आणि घडवताना कार्बाइडचे, म्हणजे लोखंड-कार्बनच्या कठीण संयुगाचे, पट्टे तयार होत. ते पोलाद दक्षिण भारतात, आजच्या तेलंगणातही, होत असे आणि समुद्रमार्गे पश्चिमेला जाई. मुंबईतले डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी त्याचे नमुने लंडनला जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठवले, आणि १७९५ मध्ये जॉर्ज पिअर्सन यांनी रॉयल सोसायटीपुढे त्यावर निबंध मांडला. या नक्षीत व्हॅनेडियमसारख्या अत्यल्प अशुद्धीचा हात असतो, हे १९९० च्या दशकात अमेरिकेतले धातुशास्त्रज्ञ व्हरहोव्हन आणि लोहार पेंड्रे यांनी दाखवलं.

मोरान यांच्या सुऱ्यांमुळे नवा प्रश्न उभा राहिला. नक्षी सुंदर, पण थर नीट सांधले गेलेत की नुसतं रूपच, हे ओळखायचं कसं? १९७६ मध्ये मोरान आणि सहकाऱ्यांनी ब्लेडस्मिथ सोसायटी काढली, तिच्या परीक्षेत याचं उत्तर आहे. मोकळा लोंबता एक इंच जाडीचा दोर एका घावात तोडायचा. दोन बाय चार इंची लाकडी पट्टी दोनदा आरपार तोडायची. त्यानंतर त्याच धारेनं हातावरचे केस उतरले पाहिजेत. शेवटी पातं शिकंज्यात (व्हाइसमध्ये) धरून ९० अंशांत वाकवायचं. ते तुटता कामा नये. धार कठीण आणि पाठ नरम राहील असं पाणी दिलं असेल तरच हे जमतं. जर्नीमन या खालच्या पायरीला साधं पोलाद चालतं. मास्टरसाठी किमान ३०० थरांचं दमास्कस लागतं, म्हणजे ज्या पोलादाची शोभा करायची तेच वाकवून दाखवायचं.

त्यानंतर अटलांटाच्या ब्लेड शो या सुऱ्यांच्या प्रदर्शनात पाच सुऱ्यांची तपासणी. परीक्षक सगळे मास्टर स्मिथ, त्यामुळे ‘छान झालंय’ एवढ्यावर भागत नाही. परज आणि पातं यांच्यामधून उजेड दिसतो का? धार जिथे सुरू होते ती रेघ दोन्ही अंगांना समोरासमोर येते का? खंजिराचा मधला कणा टोकापर्यंत सरळ जातो की वाटेत सरकतो? पॉलिशखाली कानशीचा एखादा ओरखडा राहिलाय का? दुधारी पात्यात चारही उतार जुळावे लागतात, एका बाजूला जास्त घासलं तर बाकी तीन त्याच्या मागे न्यावे लागतात. खंजीर सक्तीचा आहे तो म्हणूनच. नापास झालेल्याला उणिवा सांगितल्या जातात, आणि तो पुन्हा पाच सुऱ्या घेऊन येऊ शकतो. पास झालेल्याला पात्यावर नावाशेजारी एम. एस. ही अक्षरं उठवता येतात, आणि संग्राहक किंमत ठरवताना ती बघतात.

सगळेच या दारातून गेले नाहीत. युटाचे बस्टर वॉरेन्स्की यांनी प्राचीन इजिप्तचा राजा तुतनखामुन याच्या खंजिराची सोन्याची प्रतिकृती घडवली. त्या पात्यानं दोर तोडायला कोणी सांगितलं नसतं, तरी अमेरिकेतल्या शोभेच्या सुऱ्यांची गोष्ट निघाली की वॉरेन्स्कींचं नाव अजून पहिल्या काहींत येतं.