मोटारसायकलचा फ्युएल मॅप आणि त्याची सॉफ्टवेअर सुधारणा

फ्युएल इंजेक्शनच्या मोटारसायकलमध्ये पेट्रोल किती आणि केव्हा सोडायचे हे ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा छोटा संगणक, ठरवतो. त्यासाठी त्याच्यात साठवलेले कोष्टक म्हणजे फ्युएल मॅप. इंजिनाचा एकही नट न खोलता हे कोष्टक बदलून गाडीचे चालणे सुधारण्याच्या कामाला मॅप अपडेट, रिमॅप किंवा फ्लॅशिंग म्हणतात. गॅरेजच्या बोलीत 'लॅपटॉप लावणे'. या कामाने गाडीची ताकद वाढते असा सार्वत्रिक समज आहे. प्रत्यक्षात साध्या एक-सिलिंडर गाडीत त्यातून मिळणारी ताकद किरकोळ असते. खरा फरक जाणवतो तो थोड्या थ्रॉटलवर, म्हणजे ॲक्सिलरेटर थोडाच पिळलेला असताना, घाटाच्या वळणावर आणि सकाळच्या थंड इंजिनावर. म्हणूनच सातारा जिल्ह्यासारख्या चढउताराच्या मुलखात या विषयाची चर्चा मैदानी शहरांपेक्षा अधिक अर्थपूर्ण ठरते.

पूर्वपीठिका : साताऱ्याचे दुचाकीशी नाते जुने आहे. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र स्कूटर्सच्या येथील कारखान्यात प्रिया स्कूटर तयार होत असे. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून चालणाऱ्या त्या टू-स्ट्रोक स्कूटरचे इंधनाचे सगळे गणित हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या कार्बोरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक छिद्रात, आणि एका स्क्रूमध्ये सामावलेले असे. मिस्त्री इंजिनाच्या आवाजाकडे कान देऊन स्क्रू पाव फेरा इकडेतिकडे करी आणि गाडी मार्गी लागे. भारतीय मोटारसायकलींत इंजेक्शन आले ते २००६ मध्ये, हिरो होंडाच्या ग्लॅमर एफआयबरोबर. २००७ ची पल्सर २२० हीसुद्धा इंजेक्शनची होती. पण २००९ मध्ये तिची पुढची आवृत्ती पुन्हा कार्बोरेटर लावून आणि कमी किमतीत आली. ग्राहकाला तेव्हा इंजेक्शनची गरज वाटत नव्हती, हे यातून दिसते. १ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे बीएस-६ निकष लागू झाले आणि नव्या दुचाकींतून कार्बोरेटर जवळजवळ हद्दपार झाला. स्क्रू गेला, त्याची जागा कोष्टकाने घेतली.

मॅपची रचना : हे कोष्टक पाढ्यांच्या तक्त्यासारखे असते. एका बाजूला इंजिनाचे आरपीएम, दुसऱ्या बाजूला थ्रॉटल किती उघडा आहे किंवा इनटेकमधला, म्हणजे हवा इंजिनात नेणाऱ्या नळीतला, दाब किती आहे, आणि प्रत्येक घरात एक आकडा. इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा हे त्या आकड्यावरून ठरते. हा वेळ मिलिसेकंदांत असतो. चार-स्ट्रोक इंजिन ६,००० आरपीएमवर फिरत असताना एक पूर्ण आवर्तन (दोन फेरे) २० मिलिसेकंदांत संपते, त्यामुळे चूक करायला फारशी जागा नसते. गाडी नेमकी घरात क्वचितच असते; बहुतेक वेळ ती दोन घरांच्या मधे कुठेतरी असते आणि ईसीयू शेजारच्या घरांवरून मधला आकडा काढतो. मग इंजिनाचे तापमान, बाहेरच्या हवेचे तापमान आणि बॅटरीचा व्होल्टेज यांप्रमाणे त्यात कमीजास्त केले जाते. इग्निशनचे, म्हणजे ठिणगी केव्हा पाडायची याचेही असेच वेगळे कोष्टक असते आणि चांगल्या अपडेटमध्ये दोन्हींना हात लागतो.

शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने १ भागाला १४.७ भाग हवा लागते. सायलेन्सरमधला धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नीट काम करतो तो याच प्रमाणाच्या अगदी आसपास. म्हणून एकसारख्या वेगाने जाताना ईसीयू एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजन सेन्सरचे ऐकतो आणि मिश्रण तिथे धरून ठेवतो. याला क्लोज्ड लूप म्हणतात. पूर्ण थ्रॉटलवर मात्र इंजिनाला ताकदीसाठी १३ च्या आसपासचे, म्हणजे रिच (पेट्रोल जास्त असलेले) मिश्रण हवे असते. तिथे सेन्सरचे ऐकणे थांबते आणि फक्त कोष्टक चालते.

नेमके काय बिघडते : प्रदूषणाचे निकष पाळताना कंपन्यांना थोड्या थ्रॉटलवरचे मिश्रण जितके लीन (पेट्रोल कमी असलेले) ठेवता येईल तितके ठेवावे लागते. शिवाय चालत्या गाडीचा थ्रॉटल पूर्ण सोडला की ईसीयू पेट्रोल बंदच करतो आणि थ्रॉटल पुन्हा उघडल्यावर सुरू करतो. हा बंद-चालूचा सांधा कोष्टकात नीट गुळगुळीत केलेला नसेल, तर चालवणाऱ्याला तो मनगटात आणि पाठीत जाणवतो.

साताऱ्याहून कासला जाताना यवतेश्वरच्या घाटात हे पाहावे. वळणापाशी थ्रॉटल सोडला, गाडी दुसऱ्या गिअरमध्ये आत झुकली, आता हलकेच थ्रॉटल द्यायचा. हाताने दोन मिलिमीटर दिला तरी गाडी क्षणभर काहीच करत नाही, मग एकदम पुढे उसळते. साखळी ताणल्याचा टक असा आवाज येतो, मागे बसलेल्याचे हेल्मेट पुढच्याच्या हेल्मेटवर आपटते. सप्टेंबरमध्ये फुलांच्या हंगामात याच रस्त्यावर गाड्यांची रांग लागते, तेव्हा तासभर हेच चालू राहते. 'गाडी आचके देते', 'गुदमरते', 'मधेच दम सोडते' या तक्रारींपैकी बऱ्याच इथल्याच असतात. ताशी ८० ने महामार्गावर तीच गाडी लोण्यासारखी चालते, म्हणून शोरूमभोवतीच्या सपाट रस्त्यावर दोन मिनिटांची चक्कर मारणाऱ्याला 'गाडीत काही नाही' असे प्रामाणिकपणे वाटू शकते.

चांगली अपडेट याच जागी काम करते. पेट्रोल पुन्हा सुरू होण्याच्या क्षणी ठिणगी किंचित उशिरा पाडून धक्का मऊ करतात, थोड्या थ्रॉटलच्या घरांत थोडे पेट्रोल वाढवतात, थंड इंजिनाला मिळणारे जादा पेट्रोल किती वेळ द्यायचे ते बदलतात, आयडलिंगला, म्हणजे थ्रॉटल न देता इंजिन नुसते चालू असताना, हवा सोडणाऱ्या झडपेची हालचाल सुधारतात. जिथे थ्रॉटलची केबल नसून इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल असतो, तिथे मनगटाच्या किती वळणाला झडप किती उघडावी हेही सॉफ्टवेअरच ठरवते. अशा गाडीत अपडेटचा फरक सर्वांत ठळक दिसतो.

उंचीचा प्रश्न : सातारा शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ७४० मीटरवर, कास पठार साधारण १,२०० मीटरवर आणि महाबळेश्वर १,३५० मीटरच्या वर. महाबळेश्वरला हवेचा दाब समुद्रकिनाऱ्यापेक्षा सुमारे १५ टक्क्यांनी कमी असतो. कार्बोरेटरला हे कळत नसे. हवा विरळ झाली तरी तो जवळजवळ पूर्वीइतकेच पेट्रोल सोडी, मिश्रण रिच होई, प्लग काळा पडे आणि पसरणी घाट चढून आलेली गाडी पाचगणीत आयडलिंगला बंद पडे. इंजेक्शनच्या गाडीत दाबाचा सेन्सर असतो. बऱ्याच गाड्यांत तो चावी फिरवल्यावर, इंजिन सुरू होण्याआधी बाहेरचा दाब मोजून ठेवतो. आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरताना किंवा तोच घाट चढताना गाडी एकदाही बंद न करता हजाराहून अधिक मीटरचा फरक पडतो, तेव्हा सॉफ्टवेअरने दाबाचा अंदाज चालता चालता सुधारणे गरजेचे असते. हे गणित कच्चे असेल तर चहाला थांबून गाडी बंद-चालू केल्यावर ती आपोआप सुधारल्याचा भास होतो. तो भास नसतो. नवा दाब मोजला गेलेला असतो.

उंचीमुळे गेलेली ताकद मात्र कोणतेही अपडेट परत आणत नाही. हवाच कमी आहे, तर पेट्रोल वाढवून उपयोग नाही.

आधी काय तपासावे : झटके देणाऱ्या प्रत्येक गाडीचा दोष मॅपमध्ये नसतो. सैल साखळी हे झटक्याचे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित कारण आहे. थ्रॉटल केबलला जास्त मोकळीक असेल तर हाताचे पहिले वळण वाया जाते आणि दुसरे जास्त पडते. उसाच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी उडवलेल्या धुळीतून रोज जाणाऱ्या गाडीचा एअर फिल्टर वेळेआधीच तुंबतो. इनटेकच्या रबरी बूटला बारीक चीर असेल तर तिथून न मोजलेली हवा आत जाते. व्हॉल्व्ह सेटिंग, प्लग, थ्रॉटल बॉडीवरची काजळी, पेट्रोल पंपाचा दाब हे सगळे नीट असल्याशिवाय लॅपटॉप लावणे म्हणजे पैसे आणि वेळ घालवणे.

अपडेटची पद्धत : कंपनी सुधारित सॉफ्टवेअर काढते तेव्हा ते बहुधा नेहमीच्या सर्व्हिसिंगमध्येच टाकले जाते आणि मालकाला पत्ताही नसतो. सीटखालचे झाकण काढून डायग्नोस्टिक सॉकेटला केबल जोडतात, बॅटरीला चार्जरचे चिमटे लावतात, चावी ऑन करतात. पडद्यावर आधी ईसीयूचा क्रमांक आणि जुन्या सॉफ्टवेअरची आवृत्ती येते, मग टक्क्यांची पट्टी सरकू लागते. चार्जर ही चैन नाही. लिहिण्याचे काम अर्धवट असताना व्होल्टेज पडला तर ईसीयू ना जुना राहतो ना नवा होतो आणि गाडी उभी राहते. काम झाल्यावर ईसीयूने चालता चालता शिकून साठवलेल्या जुन्या दुरुस्त्या पुसल्या जातात, थ्रॉटलची बंद स्थिती नव्याने ओळखवून द्यावी लागते आणि पुढचे काही दिवस ईसीयू पुन्हा शिकत असतो. पहिल्याच चौकात निकाल लावू नये. मालकाने एक गोष्ट आवर्जून करावी : जुनी आणि नवी आवृत्ती जॉब कार्डवर लिहून घ्यावी. 'अपडेट केले' या तोंडी शब्दाला पुढच्या वेळी काही किंमत राहत नाही.

बाहेरचे रिमॅप : मोकळा सायलेन्सर आणि मोठा फिल्टर बसवलेल्यांना कंपनीचा मॅप पुरत नाही. ते खाजगी ट्यूनरकडून मॅप टाकून घेतात किंवा ईसीयू आणि इंजेक्टर यांच्या मधे बसणारे पिगीबॅक यंत्र लावतात. ते इंजेक्टर उघडा राहण्याचा वेळ वाढवते. ऑक्सिजन सेन्सर चालू ठेवून असे यंत्र लावले तर ईसीयू वाढवलेले पेट्रोल पुन्हा कापत बसतो. डायनोवर, म्हणजे ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, त्याच गाडीचे मोजमाप न करता दुसऱ्याच्या गाडीसाठी केलेली फाइल उचलून टाकणे हा या धंद्यातला सर्वांत प्रचलित आणि सर्वांत वाईट प्रकार होय. वॉरंटीवर पाणी सोडावे लागण्याची शक्यता असतेच. मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करण्यास मनाई करते आणि २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ प्रमाणे बेकायदा बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. पीयूसी मिळाली म्हणजे मॅप स्वच्छ, असेही नाही. पेट्रोल दुचाकीची ती तपासणी आयडलिंगला होते. पूर्ण थ्रॉटलवर काय सुटते ते तिथे दिसत नाही.

इथेनॉल आणि मॅप : कृष्णाकाठच्या साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीतले इथेनॉल आता पेट्रोलमधून गाडीच्या टाकीत येते. इथेनॉलला १ भागाला फक्त ९ भाग हवा लागते, त्यामुळे २० टक्के मिश्रणाच्या (ई-२०) पेट्रोलला १४.७ ऐवजी साधारण १३.५ भाग पुरतात. जुन्या पेट्रोलसाठी आखलेला मॅप तेवढेच पेट्रोल सोडत राहिला तर मिश्रण लीन होते. क्लोज्ड लूपमध्ये सेन्सर ही तूट भरून काढतो, पण थंड इंजिन आणि पूर्ण थ्रॉटल या त्याच्या कक्षेबाहेरच्या जागा आहेत. तिथे ई-२० साठी बदललेल्या मॅपचा उपयोग होतो. मायलेज थोडे घटते, कारण इथेनॉलमध्ये ऊर्जाच पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी असते. कार्बोरेटरच्या जुन्या गाडीला मॅपच नसतो. तिथे आधी जेट आणि पेट्रोलच्या रबरी नळ्या, सील पाहावे लागतात.